एक चित्रपुस्तक, ३८ मुलं : वर्गात काय काय करता येईल?

पाटीवाली | ७ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी पर्वतीच्या पायथ्याशी एका शाळेत दुसरीला शिकवते. पटावर ३८ मुलं, रोज तीस-बत्तीस येतात. गेल्या महिन्यात अप्पा बळवंत चौकातून एक चित्रपुस्तक आणलं. गोष्ट साधी आहे. एका आजीची बकरी दावं तोडून पळते आणि वस्तीतून हिंडताना दिसेल ते खात सुटते. कांद्याची पात, दोरीवरचा टॉवेल, लग्नाची पत्रिका, आणि शेवटी शाळेच्या खिडकीतून एका मुलाची वही. दर पानाच्या शेवटी तेच शब्द येतात : "बकरी थांबली, बकरीनं हुंगलं, आणि..." पान उलटलं की तिनं काय खाल्लं ते कळतं.

सोमवारी वाचून दाखवलं. मुलं सरकत सरकत माझ्या मांडीपर्यंत आली. मंगळवारी मी त्याच गोष्टीवर रिकाम्या जागा, जोड्या लावा, चूक की बरोबर असा कागद करून दिला. बुधवारी पिशवीतून पुस्तक काढलं, तर पहिल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, आज गोष्ट आहे का पेपर?"

चार दिवस झाले, तो प्रश्न डोक्यातून जात नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांना काना-मात्रा अजून जड जातात, त्यामुळे नुसती गोष्ट सांगून भागणार नाही. पण मंगळवारसारखंही पुन्हा करायचं नाही. एकच प्रत, ३८ मुलं, रोजचा एक तास. तुम्ही काय काय केलंत ते सांगा. सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.

जुने_गुरुजी | ७ जुलै, रात्री १०:२५

बाई, तुमच्या विद्यार्थ्याने नेमका प्रश्न विचारला आहे. माझं पहिलं सांगणं : कागद-पेन्सिल बाजूला ठेवा आणि तेच पुस्तक अजून चार वेळा वाचा. पहिल्या वाचनात फक्त गोष्ट. दुसऱ्यात "आणि..." वर थांबा, पान उलटू नका, मुलांना अंदाज सांगू द्या. तिसऱ्या वाचनापासून ओळीखालून बोट फिरवायला लागा. तोवर ती ओळ मुलांना तोंडपाठ झालेली असते. जे तोंडात आहे तेच कागदावर आहे, हे त्यांना बोटाबरोबर दिसायला लागतं. 'बकरी' हा शब्द एकाच ओळीत दोनदा आहे, हे कुणीतरी आपणहून ओरडून सांगेल. त्या क्षणी वाचन सुरू झालं असं समजा.

पुस्तक छातीशी धरू नका, खांद्याच्या बाजूला धरा. तुम्हालाही वाचता येतं आणि मुलांनाही चित्र दिसतं. ३८ जणांना एकदम दाखवू नका. निम्मी मुलं जवळ घ्या, निम्म्यांना चित्र काढायला बसवा, मग अदलाबदल.

वारजेकर | ७ जुलै, रात्री १०:३१

आमच्या शेजारच्यांच्या बकरीने खरंच लग्नाची पत्रिका खाल्ली होती, तीही गणपतीपुढे ठेवलेली पहिली. घरात दोन दिवस चर्चा चालली की शुभ म्हणायचं की अशुभ.

चिंचबोरं | ८ जुलै, सकाळी ७:०५

गुरुजींचा मान राखून वेगळं मत मांडते. मी मुळशीकडे शिकवते. 'निपुण भारत' हे पायाभूत वाचन-गणिताचं सरकारी अभियान २०२१ साली आलं, त्यात दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द ओघाने वाचावेत असं उद्दिष्ट आहे. माझ्या वर्गात जुलैमध्ये अशी मुलं आहेत की 'क' ओळखतात, पण 'कि' आणि 'की' समोर ठेवले की गप्प होतात. पाच-पाच वेळा गोष्ट ऐकून त्यांना वेलांटी येणार नाही. ती शिकवावीच लागते, क्रमाने, रोज. गोष्टीच्या आनंदात हे राहून गेलं की चौथीत ते मूल मागच्या बाकावर जाऊन बसतं आणि मग कुणीच त्याच्याकडे बघत नाही. मी अशी मुलं पाहिली आहेत, म्हणून हे कळकळीनं लिहिते आहे.

जुने_गुरुजी | ८ जुलै, सकाळी ९:१५

चिंचबोरं ताई, वेलांटी शिकवावी लागते हे शंभर टक्के मान्य. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आणि वेगाचं म्हणाल तर हिशोब करून बघा. ती ओळ पुस्तकात दहादा येत असेल, तर पाच वाचनांत मुलाने ती पन्नास वेळा ऐकली, पाहिली आणि म्हटली. अनोळखी उताऱ्यावर घड्याळ लावून इतका सराव कोण करून घेईल? मुलाला तो सराव वाटतच नाही.

कागदीहोडी | ८ जुलै, सकाळी ११:५०

दोघांचं जुळेल असं सांगते. मी मागच्या वर्षापर्यंत पहिलीला होते.

अक्षरं पुस्तकातूनच घ्यायची, पण घ्यायची मात्र ठरवून. तुमच्या गोष्टीतून ब, क, र, प, त, न, काना आणि दुसरी वेलांटी एवढंच पहिल्या आठवड्याला घ्या. मग बकरी, बाक, पान, पात, कान, नाक, तार, बारीक, पाकीट (हे 'ट' आल्यावर) असे भरपूर शब्द मुलं स्वतः जुळवतात. सगळं वर्णमालेच्या क्रमाने घेत बसलं तर 'बकरी' वाचायला महिने जातात. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनाचं जे काम उभं केलं, त्यातही अक्षरं आणि स्वरचिन्हं एकत्र, लगेच अर्थाचे शब्द होतील अशा गटांनी घेतात.

रोज दहा मिनिटं हे, तेही गोष्ट वाचून झाल्यावर. अक्षरकार्डं जुन्या वहीच्या पुठ्ठ्यांची करा. काना आणि वेलांटीची कार्डं वेगळ्या रंगात. पहिल्या वेलांटीचं कार्ड मूल हमखास अक्षराच्या उजवीकडे ठेवतं, कारण उच्चारात ती नंतर येते. ते चुकत नाही, कानाचं ऐकतं. "लिहिताना ही आधी उभी राहते, बोलताना नंतर बोलते" असं मी सांगायचे, मुलांच्या चांगलं लक्षात राहायचं.

उंबर | ८ जुलै, दुपारी २:१०

कागदीहोडी, 'च' चं काय करायचीस? 'चमचा' आणि 'चहा' एकाच अक्षरात बसतात आणि मुलं गोंधळतात.

कागदीहोडी | ८ जुलै, दुपारी ३:००

फळ्यावर दोन घरं काढायचे. एका घरात चमचा, चाक, चूल. दुसऱ्यात चहा, चार, चिमणी. मुलं शब्द आणायची आणि मोठ्यानं म्हणून कुठल्या घरात जाणार ते ठरवायची. 'ज' ची अशीच घरं करताना 'जग' आला तेव्हा तर वर्गात भांडण झालं, कारण दुनिया एका घरात आणि पाण्याचा जग दुसऱ्या घरात! तो शब्द दोन्हीकडे लिहिला आणि शेजारी चित्रं काढली.

रंगपेटी | ८ जुलै, रात्री ८:४५

मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, म्हणून एक विचारते. मजकुरात आजी पहिल्या पानानंतर येते का? आणि चित्रात? आम्ही चित्रकार पुष्कळदा मजकुरात नसलेलं काहीतरी चित्रात ठेवतो. ते सापडलं की मूल परत पहिल्या पानापासून पुस्तक बघतं. पाटीवाली ताई, एकदा प्रत्येक चित्राची मागची बाजू, कोपरे, खिडक्या नीट बघाल का?

पाटीवाली | ८ जुलै, रात्री ९:३०

पुस्तक उघडून बसले आहे. मजकुरात पहिल्या पानानंतर आजी नाहीच. चित्रात तिसऱ्या पानावर लांब गल्लीच्या टोकाला एक जांभळा ठिपका आहे. पुढच्या पानावर त्याला डोकं आहे. मग लुगडं कळतं, मग हातातली काठी. इतक्या वेळा वाचूनही मला दिसलं नव्हतं! उद्या मुलांना काहीच सांगणार नाही, नुसतं विचारणार, "आजी कुठं आहे?"

धायरीची_आई | ९ जुलै, सकाळी १०:२०

मी शिक्षिका नाही, पालक आहे. माझी मुलगी तिसरीत आहे. तिच्या आधीच्या एका शाळेत पुस्तकांचं सुंदर कपाट होतं आणि त्याला कायम कुलूप. पुस्तकं फाटतात म्हणून. वर्षभरात मुलीच्या हाती एकही पुस्तक आलं नाही. तुम्ही सगळे उपक्रम सांगताय ते छानच आहे, पण वाचून झाल्यावर ते पुस्तक मुलांच्या हाताला लागेल असं ठेवाल ना? माझी मुलगी वाचायला शिकली ती घरी, एकच पुस्तक उशाशी घेऊन, रोज तेच. मला कंटाळा यायचा, तिला कधीच आला नाही.

मुळामुठा | ९ जुलै, सकाळी ११:०५

+१. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात दोरी बांधून कपडे वाळत घालतात तशी पुस्तकं अडकवतो. मुखपृष्ठ समोर दिसलं की मूल हात घालतंच. फाटलं तर 'पुस्तकांचा दवाखाना' आहे, शनिवारी मुलंच खळ आणि पारदर्शक पट्टी घेऊन बसतात. फाटकं पान जोडताना पानांचा क्रम लावावा लागतो, म्हणजे गोष्ट पुन्हा वाचावीच लागते.

जास्त प्रती हव्या असतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीविव्हर हे संकेतस्थळ बघा. २०१५ पासून आहे, मराठीत खूप गोष्टी आहेत आणि मुक्त परवान्याच्या असल्याने छापून वाटता येतात. तुमचं पुस्तक मात्र झेरॉक्स काढून वाटू नका. लेखक-चित्रकारांचं पोट त्यावर आहे, आणि काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये तो जांभळा ठिपका तर गेलाच.

पाटीवाली | ९ जुलै, संध्याकाळी ६:१५

आज काय झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. "आजी कुठं आहे?" एवढंच विचारलं. तिसऱ्या पानावर कुणालाच दिसली नाही. पाचव्यावर एका मुलीला दिसली आणि सगळ्यांनी मला पानं मागे उलटायला लावली. मग एकजण म्हणाला, "बाई, आजी मोठी होतीये." त्याच्या शेजारची पटकन म्हणाली, "मोठी नाही रे, जवळ येतीये. ती धावतीये." वर्ग एकदम शांत झाला, मग सगळे एकदम बोलायला लागले.

आजी धावताना काय म्हणत असेल? मी चिठ्ठ्या दिल्या. ज्यांना लिहिता आलं त्यांनी लिहिलं, बाकीच्यांनी सांगितलं आणि मी त्यांच्यासमोर जसंच्या तसं लिहून घेतलं. "थांब गं माझी बाय." "तुला चारा घातला होता की." "मी म्हातारी हाय कळत नाय का." प्रत्येकानं आपली चिठ्ठी वाचून दाखवली. जी मुलं एरवी धडा वाचत नाहीत, त्यांनी स्वतः सांगितलेली ओळ बोट ठेवून वाचली.

चिंचबोरं | ९ जुलै, रात्री ८:००

हे वाचून फार बरं वाटलं. "हाय" आणि "नाय" तसंच लिहून घेतलंत का?

पाटीवाली | ९ जुलै, रात्री ८:१०

हो. आजी तशीच बोलते ना.

चिंचबोरं | ९ जुलै, रात्री ८:४०

बोलीला माझी हरकत नाही, मीही घरी तसंच बोलते. काळजी वाटते ती ऱ्हस्व-दीर्घाची. मुलांनी "बकरि" लिहिलं तर काय करायचं? लाल पेन चालवायचं नाही असं आजकाल सगळे सांगतात. मग ते सुधारणार कधी?

जुने_गुरुजी | ९ जुलै, रात्री ९:३०

पहिल्या मसुद्यावर लाल पेन नको. ती चिठ्ठी आजीची आहे, तिच्यावर मास्तरांची सही कशाला? पण भिंतीवर शब्द लावताना ते शुद्धच लावायचे. बकरी, आजी, पाटी, वही, काठी. आठवडाभर डोळ्यांसमोर राहिले की विचारायचं, "या सगळ्यांत शेवटी सारखं काय दिसतंय?" मुलं सांगतात : दुसरी वेलांटी. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, हा नियम त्यांना स्वतः सापडतो. मग 'आणि' लावा आणि गंमत बघा. "गुरुजी, हा चुकलाय!" म्हणून ओरडतात. तो अपवाद मग आयुष्यभर विसरत नाहीत.

उंबर | १० जुलै, दुपारी १२:३०

माझ्या वर्गात कानडी, तेलुगू आणि हिंदी घरात बोलणारी मिळून अकरा मुलं आहेत, आईवडील बांधकामावर. अशा वर्गात हेच पुस्तक घेतलं तर सुरुवात शब्दानं करा. "तुमच्या घरी हिला काय म्हणतात?" गावाकडची मुलं म्हणतील शेळी. कानडी घरातलं मूल म्हणेल मेके, तेलुगू घरातलं मेक. ती दोघं एकमेकांकडे बघून हसतात, कारण त्यांचे शब्द बहिणी निघतात. सगळे शब्द देवनागरीत फळ्यावर लिहायचे. पिलाला करडू, मोठ्या नराला बोकड, हे मराठी मुलांनाही नवीन असतं हल्ली. माझ्याकडची एक मुलगी जूनपासून तोंड उघडत नव्हती. तिचा 'मेके' फळ्यावर लिहिला आणि त्या दिवशी डबा खाताना तिनं मला तिच्या आजोळच्या सगळ्या शेळ्यांची नावं सांगितली.

जुने_गुरुजी | १० जुलै, दुपारी १:४५

शेळ्यांवरून थोडं अवांतर. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. तिथली मुलं गुरं राखायला जायची, शाळेत यायची नाहीत. मग शाळाच कुरणात गेली. 'कुरणशाळा' म्हणायचे तिला. गुरं चरतायत आणि पोरं शिकतायत. मुलाच्या हातात जे आहे तिथून सुरुवात करायची, ही आपल्याकडची जुनी वाट आहे. उंबर ताईंनी शेळ्यांची नावं ऐकून घेतली ती त्याच वाटेवरची.

कागदीहोडी | १० जुलै, रात्री ९:००

पाटीवाली, लेखनासाठी एक सुचतं. बकरीनं लग्नाची पत्रिका खाल्ली. म्हणजे आता त्या घरी कुणालाच माहीत नाही की लग्न कुठं आणि कधी! पत्रिका परत लिहावी लागणार. मुलांना घरून जुन्या पत्रिका आणायला सांग. पुण्यात कुठल्याही घरात दहा-वीस पडलेल्या असतातच. आधी त्या वाचायच्या : नाव कुठं असतं, तारीख कुठं, स्थळ कुठं. गणपतीचं चित्र बघूनच न वाचणारं मूलही 'श्री गणेशाय नमः' म्हणतं. मग पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःची लिहायची. कागद जाडजूड आणि फुकट.

आणि नंतर प्रत्येकाचं घडीचं पुस्तक. ए-फोर कागद तीनदा अर्धा दुमडला की उघडल्यावर आठ घरं दिसतात. मग तो आडवा अर्धा दुमडायचा आणि बंद कडेकडून मधल्या रेषेवर फक्त एक घर कापायचं. उघडा, आता उभा अर्धा दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला, मधली फट फुगते आणि चार पाती होतात. ती गुंडाळली की मुखपृष्ठ धरून आठ पानं. एकच काप, गोंद नाही, टाचणी नाही. पहिल्यांदा दहा जणांचे कागद चुकतील, जास्तीचे घेऊन बस. "आता कुणाची बकरी, माकड की मांजर, आणि ती काय खाणार?" एवढं विचारलं की पुरे.

रंगपेटी | १० जुलै, रात्री १०:१०

सगळं सुंदर आहे, तरी एक सांगते. एका पुस्तकावर महिनाभर उपक्रम करू नका. दोन आठवड्यांनी ते दोरीवर लावा आणि दुसरं उघडा. आणि आठवड्यातून एक दिवस असा ठेवा की पुस्तक वाचलं, मिटलं, काही विचारलं नाही.

चिंचबोरं | ११ जुलै, सकाळी ७:२०

हे पटतं. मी एक करते : महिन्याच्या शेवटी प्रत्येक मुलाचा स्वतः लिहिलेला एक कागद तारीख टाकून फाइलला लावते. जून आणि नोव्हेंबर शेजारी ठेवले की आईवडिलांना काही समजावून सांगावं लागत नाही. कागदीहोडीचे ते गट मी सोमवारपासून घेऊन बघणार आहे, पहिली वेलांटी मात्र दुसऱ्याच आठवड्यात आणणार.

पाटीवाली | १ ऑगस्ट, रात्री ९:१५

उशीर झाला, माफ करा. पण सांगण्यासारखं खूप साठलं आहे.

पहिला आठवडा नुसता वाचनात आणि आजी शोधण्यात गेला. अक्षरांची दहा मिनिटं कागदीहोडीने सांगितली तशीच घेतली. दुसऱ्या आठवड्यात मुलांनी पत्रिका आणल्या, पिशवीभर. एका पत्रिकेवर एका मुलीला स्वतःचं नाव छापलेलं सापडलं, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' च्या खाली. ती पत्रिका तिनं दोन दिवस कुणाला हात लावू दिली नाही. रिकाम्या जागांचा कागद मी परत काढला नाही. तरी 'स्थळ', 'वेळ', 'दिनांक' हे शब्द आज वर्गातली बहुतेक मुलं वाचतात, आणि ते मी एकदाही 'शिकवले' नाहीत. सात मुलांना अजून वेलांट्या नीट येत नाहीत. त्यांच्यासाठी चिंचबोरं ताईंसारखं रोज वेगळं बसते आहे, ते चालूच ठेवणार.

पुस्तक दोरीवर आहे. एक पान फाटलं, दवाखान्यात जाऊन आलं.

आणि तो "गोष्ट आहे का पेपर" विचारणारा मुलगा. परवा त्यानं पत्रिका लिहून माझ्या टेबलावर ठेवली. मी काहीच बदललेलं नाही :

"श्री गणेशाय नमा. आमच्या काकाचं लग्न हाये. स्थळ आमची चाळ. सगळ्यांनी या. जेवायला जिलबी हाये. बकरीला बांधून ठेवलं आहे आणी तीला पन जिलबी देनार."

जुने_गुरुजी | १ ऑगस्ट, रात्री ९:४०

वा! मी येणार. पण किती वाजता, कुठल्या दिवशी?

पाटीवाली | १ ऑगस्ट, रात्री ९:५२

अहो खरंच, ते राहिलंच आहे त्याचं. उद्या विचारते.

पाटीवाली | २ ऑगस्ट, संध्याकाळी ५:३०

गुरुजी, तुमचा प्रश्न त्याला वाचून दाखवला. कपाळावर हात मारला, पत्रिका परत मागून घेतली आणि खाली लिहिलं : "रवीवारी. सकाळी १० वाजता. गुरूजी तुम्ही लवकर या."

वारजेकर | २ ऑगस्ट, संध्याकाळी ५:४१

मलाही बोलवा म्हणावं. जिलबी मी आणतो.